दोन बाटल्या, एक टाकी

“उकंडाभाऊ, तुमच्या तिसऱ्या गाण्यात मागून जो आवाज येते, तो कोणत्या भुताचा हाय?”

प्रश्न माझा नव्हता. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती आणि शाळेमागच्या बोरीखाली आम्ही तिघी, म्हणजे मी, दीपा आणि नसरीन, माझ्या दप्तरात चोरून आणलेल्या मोबाइलला चिकटून बसलो होतो. दीपा म्हणाली, “तू एवढी अल्बमवाली ना? मंग विचार त्याले डायरेक्ट.”

नसरीननं तेल ओतलं. “कायची विचारते वं ही! हिची सारी हिंमत ग्रुपवर. भुताचा हाय का म्हणून विचार, असंच्या असं. नाही तं उद्यापासून तुये मार्क कोणी ऐकणार नाही.”

दीपा हसत होती, म्हणून मी पाठवला. तिचा मामा आठ दिवसांपासून यवतमाळच्या दवाखान्यात पडून होता. दुसऱ्याच्या वावरात फवारणी करता करता तो चक्कर येऊन पडला, आणि डोळे उघडले तेव्हा त्याला दिसत नव्हतं. आठ दिवसांत दीपाचे दात आम्ही पहिल्यांदा बघत होतो. त्यासाठी मी भुताला काय, भुताच्या बापाला विचारलं असतं.

आता मार्कांचं सांगते. मी दहावीत. आठवीपर्यंत हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही माझा आवाज घशात अडकायचा, हे आता कोणाला सांगितलं तर हसतात. मग घरात फुकट नेटचं सिम आलं, अम्मीचा जुना मोबाइल माझ्याकडे आला, आणि मला कळलं की जगात दर शुक्रवारी नवीन अल्बम येतात. दर शुक्रवारी! आमच्या आर्णीत नवीन काही यायचं म्हणजे ईदला, नाही तर पोळ्याला. मी ऐकत सुटले. ऐकलेलं पोटात राहीना, म्हणून वर्गातल्या मुलींच्या ग्रुपवर बोलायला लागले. आठवड्याला तीन अल्बम, तीन व्हॉइस मेसेज आणि शेवटी मार्क. मार्क बोंडांत. दहा बोंडं म्हणजे कापूस फुटून वावर पांढरंशुभ्र, शून्य म्हणजे सगळी किडकी. बघता बघता दिग्रस, घाटंजीच्या मुली विचारायला लागल्या, ‘तमन्ना, या हप्त्यात काय ऐकू?’ मला! मला कोणीतरी विचारत होतं!

त्या आठवड्यातला पहिला अल्बम नागपूरच्या ‘उन्हाळी वर्ग’ नावाच्या बँडचा, ‘गच्ची’. गिटार झकास, ड्रम झकास, पण गाणारा पोरगा सगळ्या गाण्यांत एकाच मुलीवर रुसलेला. अकराव्या गाण्यापर्यंत मीच त्या मुलीच्या बाजूची झाले. पाच बोंडं. दुसरा पुण्याच्या ‘मोसंबी’ नावाच्या ताईचा, ‘लोडशेडिंग’. नुसत्या मशिनी, शब्द एक नाही. आमच्या गल्लीतली विजेची डीपी पावसात गुणगुणते ना, तसं सुरू होतं, आणि मग त्या गुणगुणण्यात हळूहळू नाडी यायला लागते. अम्मी अंगणातून ओरडली, मिक्सर बिघडला का पाय. सात बोंडं.

आणि तिसरा ‘निंदण’. रॅपरचं नाव उकंडा. खरं नाव अश्वजित, आमच्याच तालुक्यातल्या एका खेड्यातला, यवतमाळात कॉलेजला. उकंडा हे त्याच्या आजोबांचं नाव, ते त्यानं लाजत लाजत नाही, अगदी छाती काढून घेतलेलं. ‘मले-तुले’ करत कोणी रॅप करतं हेच मी पहिल्यांदा ऐकत होते. तिसरं गाणं ‘बाकी’. त्यात तो फवारणीत पडलेल्या माणसांची नावं घेतो. एक नाव, मग थोडी शांतता, आणि मागून विहिरीच्या तळातून आल्यासारखा एक जाड आवाज, ‘बाऽऽऽकी’. पुन्हा एक नाव. पुन्हा ‘बाऽऽऽकी’. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हेडफोन काढून मागे वळून बघितलं होतं. नऊ बोंडं दिली. दहावं राखून ठेवलं, कारण तो आवाज कोणाचा हे कळत नव्हतं.

उत्तर संध्याकाळी आलं. मी अंगणात तारेवरचे कपडे काढत होते.

“भूत नाही वं बहिणा,” अश्वजितनं व्हॉइस मेसेज पाठवला होता. “भोंगा हाय. औषधाच्या दुकानाचा ऑटो आमच्या गावातून गेलता ऑगस्टमध्ये. म्या मोबाइलवर रेकॉर्ड केला न् स्पीड अर्धी करून टाकली. थांब, ओरिजनल पाठवतो.”

मी ओरिजनल लावलं.

“दोन बाटल्या, एक टाकी! अळी राहणार नाही बाकी! शेतकरी बंधूंनो, या, या, या!”

अब्बू! माझे अब्बू!

कय्युमभाई भोंगेवाले. आर्णीत कोणाचं दुकान उघडू दे, कोणाची बकरी हरवू दे, कोणाच्या मयतीची वेळ सांगायची असू दे, ऑटोवरचा भोंगा आमचाच. आमच्या घरात हिंदी-मराठीची खिचडी चालते, पण भोंग्यावर अब्बूंचं मराठी असं घोटीव की नवखा माणूस ऑटोत डोकावून बघतो.

आणि ती ओळ? ती ओळ माझी होती.

अब्बूंची एक पद्धत आहे. दुकानदारानं दिलेली चिठ्ठी ते भोंग्यावर बोलण्याआधी घरात दोनदा वाचतात, आणि मी ऐकते. ऑगस्टमध्ये भगवानरावांच्या शेतीऔषधांच्या दुकानातून चिठ्ठी आली होती: ‘सदर दोन्ही औषधे एकाच टाकीत मिसळून फवारल्यास बोंडअळीचा संपूर्ण नायनाट होतो.’ अब्बू दोनदा अडखळले. म्हणाले, “बेटा, हे तं कोर्टाचं समन्स वाटते. कोण ऐकंल?” मी ताटावर बोटांनी ठेका धरला, आणि रोटी तव्यावर फुगते तितक्या वेळात ओळ जुळली. चिठ्ठीखाली पेन्सिलनं लिहूनही दिली. दुसऱ्या दिवसापासून पोट्टे ऑटोमागे ती म्हणत पळायला लागले. माझं पहिलं गाणं. आणि आता ते एका अल्बमात होतं!

मी विचार केला नाही. बोट दाबून बोलत सुटले, “मुलींनो, ब्रेकिंग! ‘बाकी’मधला आवाज सापडला! तो माझ्या अब्बूंचा हाय! आर्णीचे कय्युमभाई भोंगेवाले थेट अल्बममध्ये! ओरिजनल खाली टाकून राह्यली, ऐका. दहावं बोंड देऊन टाकलं! आणि त्यातली ओळ कोणाची माहीत हाय का, ती...”

“तमन्ना! कपडे आणते का मीच येऊ?” अम्मीची हाक आली, बोट सुटलं, मेसेज गेला.

आधी टाळ्या आल्या, मग हसणारी तोंडं. नसरीननं लिहिलं, ‘भाईला, मामूला, सगळ्यांना पाठवला!!’ मग दीपाचा मेसेज आला.

‘मामाच्या गावातही हाच भोंगा आलता. मामानं हे ऐकूनच दोन्ही औषधं एकत्र केली. शुद्धीवर आला तवा डॉक्टरले म्हणून दाखवलं त्यानं. दोन बाटल्या एक टाकी.’

त्याच्या खाली एक बारीक ओळ आली. दीपा ग्रुपमधून बाहेर पडली होती.

मी हातातले कपडे पुन्हा तारेवर टाकले, वाळलेले कपडे, का ते माहीत नाही. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती आणि पेपरात रोज फवारणीतल्या विषबाधेचं छापून यायचं. मी वाचायचे. पण पेपरात ‘विष’ लिहिलेलं असायचं, आणि आमच्या ओळीत फक्त बाटल्या होत्या. मी दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून कधी बघितलंच नव्हतं. अब्बूंनी बघितलं असावं. महिनाभरापूर्वी त्यांनी ती जाहिरात अचानक बंद केली होती आणि मी विचारलं होतं, ‘कायले बंद केली, चांगली तं होती?’ ते ऑटो पुसत राहिले होते.

मेसेज परत घेता येत नव्हता. तेव्हा ती सोयच नव्हती. मी आपल्या मोबाइलवरून तो पुसला, आणि तो पुसला गेला फक्त माझ्याच डोळ्यांसमोरून.

रविवारी सकाळी अब्बू रोजच्यासारखे टपरीवर चहाला गेले आणि पाच मिनिटांत परत आले. चहा न पिता. ऑटोवर चढून त्यांनी पान्ह्यानं भोंगा सोडवला, घरात आणला आणि पलंगाखाली तोंड भिंतीकडे करून ठेवला.

“ग्रुपवर तूच टाकलं का बेटा?”

“हो.”

त्यांनी मान हलवली. ओरडले असते तर बरं झालं असतं. ज्याचं ओरडणं शिवाजी चौकातही ऐकू जातं, तो माणूस हे एवढं हळू बोलला होता.

अम्मी मात्र थांबायला तयार नव्हती. “बोलते बोलते किधर जाके बोली गे तू! शाळेत बोल म्हटलं, मैत्रिणींत बोल म्हटलं, साऱ्या जिल्ह्याला सांगायला कोण म्हटलं होतं?” बोलता बोलता तिनं रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. मी फटीतून बघितलं. समोरच्या कडुलिंबाखाली एक मोटारसायकल उभी होती, तिच्यावर दोन माणसं. दोघं मोबाइल बघत होते. एकजण मधूनच मान वर करून आमच्या दारावरचं नाव वाचायचा. आमच्या दारावर भोंग्याचं चित्र आहे, ते मीच काढलंय.

दीपाला मी सात वेळा फोन केला. सातही वेळा वाजून बंद झाला.

दुपारी तीनला दार वाजलं. भगवानराव होते. पांढरे कपडे, हातात केळीचा घड. अम्मीनं मला आत ढकललं. मी पडद्याआड भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

“घ्या, पोरीसाठी आणले,” भगवानराव बसत म्हणाले. “मोठी हुशार निघाली बाप्पा. कालपासून माझा फोन बंद नाही.”

“लेकरू हाय भाऊ,” अब्बू म्हणाले. “खेळात बोललं.”

“तेच म्हणतो मी. खेळातच बोललं. उद्या या विषबाधेच्या चौकशीची सरकारी माणसं तहसीलमध्ये बसून राह्यली. म्या लेखी देऊन टाकलं, आमच्या दुकानानं असा काही प्रचार केलाच नाही. तुम्हाले विचारलं तं सांगायचं, आवाज माया नाही. विषय संपला.”

“आवाज सारी आर्णी ओळखते, भाऊ.”

“ओळखू द्या ना. पण मंग पुढचंही ओळखतीन.” भगवानरावांनी आवाज खाली आणला. “दोन बाटल्या, एक टाकी. हे म्या लिहून देल्लं का तुम्हाले? सांगा बरं. म्या साधं दोन ओळीचं देल्लं होतं, ते कोणाच्या ध्यानात राहत नव्हतं. लोकायच्या तोंडात बसलं ते हे गाणं. दवाखान्यात पडलेले लोक हेच म्हणून राह्यले. आता ज्यानं जोडलं, त्याच्याच गळ्यात पडंल ना ते? कोणं जोडलं?”

पडद्याचा कपडा माझ्या नाकाला लागत होता. त्याला कालच्या फोडणीचा वास होता. पडदा हलू नये म्हणून मी त्याची कड मुठीत धरली. मला फक्त एक शब्द म्हणायचा होता, ‘मी’. घसा बंद. आठवीत व्हायचा तसाच बंद.

“म्याच जोडलं,” अब्बू म्हणाले.

“मंग चूप राहण्यातच शहाणपण हाय. आणि माया हातची चिठ्ठी असंल तं देऊन टाका.”

“चिठ्ठ्या रद्दीत जातात, भाऊ.”

भगवानराव उठले. दारापर्यंत गेले आणि पडद्याकडे बघत म्हणाले, “शाळा साडेदहाची ना बाई तुयी? मागचा रस्ता सूमसाम असते तिकडं. एकटी नको जात जाऊ.”

आवाजात काळजीच होती. म्हणूनच ते गेल्यावरही मी पडद्याबाहेर आले नाही. थोड्या वेळानं मोटारसायकल सुरू झाल्याचं ऐकू आलं. गेली नाही ती. गल्लीच्या टोकापर्यंत गेली, वळली आणि परत येऊन त्याच कडुलिंबाखाली बंद झाली.

अम्मीनं केळी उचलून बकरीपुढे टाकली. मग ट्रंक ओढली आणि माझे कपडे काढायला लागली. “सकाळच्या गाडीनं तुझ्या खालाकडे दारव्ह्याला. बोर्डाचा फॉर्म नंतर बघू.”

मी स्वयंपाकघराच्या दारामागे गेले. तिथं एक आकड्याची तार टांगलेली आहे. अब्बू एकही चिठ्ठी वर्षभर फेकत नाहीत. फार पूर्वी एका कापडवाल्यानं सेलची तारीख चुकीची लिहून दिली आणि वर अब्बूंनाच चुकीचं बोलला म्हणून चारचौघांत झापलं, तेव्हापासून प्रत्येक चिठ्ठी या तारेला टोचलेली. रद्दीत जातात म्हणे! वरून गणपतीच्या मंडळाची निघाली, मग चपलांच्या दुकानाची, मग कोणाच्या हरवलेल्या म्हशीची. त्याखाली ती. दुकानाचा जांभळा शिक्का, निळ्या शाईत भगवानरावांचं तिरकं अक्षर, ‘एकाच टाकीत मिसळून’. आणि खाली पेन्सिलनं, गोल गोल, मोठ्या खुशीत लिहिलेलं माझं अक्षर. ‘बाकी’च्या पुढे तर मी एक हसणारं बोंड काढलं होतं.

मी चिठ्ठी तारेतून ओढून काढली.

“दे इकडं.”

अब्बू मागे उभे होते. हातात काडेपेटी.

“हे जाळलं तं तुमच्यापाशी काय राहीन?” मी विचारलं. “तो म्हणंल, म्या काहीच लिहून देल्लं नाही. मग सारं तुमच्यावर!”

“राहू दे माझ्यावर. माया आवाज हाय तो, आज नाही तं उद्या येणारच होतं.” त्यांनी काडी काढली. काडी दोनदा घासली तरी पेटली नाही. “वरचं अक्षर त्याचं हाय बेटा. पण खालचं तुयं हाय. चिठ्ठी गेली तं दोन्ही संगंच जाते. अर्धी कशी देऊ?”

तेव्हा मला कळलं की त्यांनी हा हिशेब आजचा केलेला नव्हता. महिनाभर केला होता. ऑटो पुसता पुसता.

“फाडून दे ना वरची,” अम्मी ट्रंकेपासून म्हणाली. तिला आत्ताच समजत होतं. ती उठून आली, चिठ्ठी बघितली, माझं अक्षर बघितलं, आणि तोंडावर पदर धरून तिथंच खाली बसली. “या अल्ला. हे तू लिहिलं?”

“हो अम्मी.”

“कोणाला माहीत हाय?”

“आपल्या तिघांला.”

“मग बस्स. तिघांतच राहील.”

फाडता आली असती. शिक्का वरच होता. वरचा तुकडा अब्बूंना वाचवायला पुरला असता, आणि खालचा बकरीनं केळ्यांसोबत खाल्ला असता. मी चिठ्ठीला घडीही घालून बघितली, नेमकी निळ्या आणि पेन्सिलीच्या मध्ये. मी खोटं सांगणार नाही, घातली. पण घडी घालताना मला दीपाचा मामा दिसला, बघितलेलाही नाही मी त्याला कधी. दवाखान्यात पडलेला, डोळ्यांवर पट्टी, आणि डॉक्टरनं विचारलं की माझी ओळ म्हणून दाखवणारा. ठेक्यात म्हणत असेल का तो? ठेक्याशिवाय ती म्हणताच येत नाही. मी ती तशीच बांधली होती.

आणि भगवानराव उद्या तिथं हेच विचारणार होते, कोणं जोडलं. अब्बू ‘म्या’ म्हणणार होते.

बाहेर मोटारसायकलवाल्यानं उगाच हॉर्न वाजवला. अम्मी दचकली. मीही दचकले. मी चिठ्ठी उघडली, गुडघ्यावर ठेवून घडी सपाट केली, आणि अब्बूंच्या हातातून काडेपेटी काढून चुलीमागे ठेवली. मग बोलायला तोंड उघडलं तर पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा आवाज आला. बारीक आला, फाटका आला, पण माझाच होता.

“अम्मी, ट्रंक बंद कर. मी दारव्ह्याला जाणार नाही. अब्बू, उद्या तुम्ही तहसीलमध्ये जाणार ना, मी संगं येणार. चिठ्ठी अख्खीच देणार, आणि खालचं अक्षर माझं हाय हे मीच सांगणार, तुम्ही मधात बोलायचं नाही. आणि त्याच्या आधी, आत्ता, ऊन हाय तोवर, मले दीपाच्या घरी सोडून द्या. तिनं दार उघडलं नाही तरी मी दाराबाहेरून सांगणार.”